दहा हजारांत तीन

"सर, पाचही रीडिंगं कमी येत्यात."

शालन सरगर इतक्या हळू बोलली की मला तिच्या टेबलावर वाकावं लागलं. बाहेरून आलेले परीक्षक प्राध्यापक हुपरीकर नुकतेच प्राचार्यांच्या केबिनमध्ये जेवायला गेले होते. प्रयोगशाळेत बारा मुलं, आमचे लॅब असिस्टंट मुल्लाचाचा आणि मी, एवढेच उरलो होतो. मार्च सत्त्याण्णव. माण तालुक्यातल्या एका छोट्या कॉलेजात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाची प्रॅक्टिकल परीक्षा चालली होती, आणि मी तिथला अंतर्गत परीक्षक होतो.

"पीएच मीटर नीट लावलास का?" मी विचारलं.

"दोनदा लावला. चारच्या बफरला चार दाखवतोय, सातच्याला सात. मग एकेक रीडिंग तीनदा घेतलं. तेवढंच येतंय."

तिनं वही माझ्याकडे सरकवली. पाच मिश्रणांचे पाच पीएच सुवाच्य अक्षरात, शाईनं लिहिलेले होते. मधल्या मिश्रणाचा, म्हणजे ज्यात आम्ल आणि मीठ समसमान, त्याचा आकडा चार पॉइंट बावन्न. तिथं चार पॉइंट चौऱ्याहत्तर यायला हवा होता.

हा प्रयोग काय असतो ते दोन वाक्यांत सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. व्हिनेगरमध्ये जे अ‍ॅसेटिक आम्ल असतं ते सौम्य आम्ल. नुसत्या पाण्यात टाकलं तर त्याचा शंभरातला जेमतेम एक रेणू फुटतो आणि त्याचे आयन होतात, बाकीचे अख्खेच राहतात. पण त्याच पाण्यात त्या आम्लाचं मीठ, सोडियम अ‍ॅसिटेट, आधीच विरघळवलेलं असलं की आम्ल अंग चोरून बसतं. मग शंभरात मोजून भागत नाही, दहा हजारांत मोजावं लागतं. अशा मिश्रणाला बफर म्हणतात, आणि त्यात आम्ल किती फुटलं हे पीएचवरून मागं हिशेब करत काढायचं असतं. दोन वाक्यांत म्हणालो आणि पाच घेतली. मास्तरकीची खोड जात नाही.

"आयनायझेशन किती निघालं?"

"मधल्यात दहा हजारांत तीन. पुस्तकात दोन आहे, सर. एक पॉइंट आठ."

"मग चुकलंय कुठंतरी."

"व्हय. पण कुठं चुकलं तेच सापडंना झालंय."

हे ती परीक्षेला घाबरलेल्या मुलीसारखं म्हणत नव्हती. गुंता सोडवायला बसलेल्या माणसासारखं म्हणत होती. शालन तशीच होती. तिचं घर गावापासून अकरा किलोमीटरवरच्या एका वाडीत. बाप मेंढरं घेऊन वर्षातले सात-आठ महिने बाहेर. आमच्याकडची बरीच मुलं बी.एस्सी. करायची ती बी.एड.ला लागतं म्हणून. ही रसायनशास्त्र आवडतं म्हणून करत होती, आणि हे बोलून दाखवायला तिला लाज वाटायची. जानेवारीत दूध संघाच्या प्रयोगशाळेत तिची निवड झाली होती. संघाचं पत्र तिनं मला आणून दाखवलं होतं: जूनमध्ये पहिल्या प्रयत्नात पास झाल्याचा निकाल आणून दाखवा आणि कामावर हजर व्हा. घरी बापानं शब्द दिला होता की नोकरी लागली तर लागली, नाहीतर वैशाखात आत्याच्या पोराशी लग्न. आत्याचं पोरगंही मेंढरांमागंच हिंडणारं.

त्या पत्राला मी तिच्याइतकाच खूश झालो होतो. मला वाटतं ते इथं सांगायला हवं. त्या मुलीचं वाईट व्हावं असं माझ्या मनात कधीच नव्हतं.

"हे बघ," मी म्हणालो, "अजून दीड तास आहे. नव्यानं मिश्रणं करून रीडिंगं घ्यायला वेळ पुरायचा नाही, मीटर एकच आहे आणि पुढं रांग आहे. रीडिंगं बदल."

"बदलू म्हणजे?"

"चार पॉइंट चौऱ्याहत्तर उत्तर येतं हे तुला माहितीय. तिथून मागं ये."

ती माझ्याकडे बघत राहिली. हिला कळलंच नाही की काय, असं मला वाटलं आणि थोडा रागही आला. कारण यात न कळण्यासारखं काही नव्हतं. आमच्याकडे याला रीडिंग जुळवणं म्हणत. उत्तर पुस्तकात छापलेलं असतं. त्यावरून उलटा हिशेब करायचा, मीटरनं काय दाखवायला हवं होतं ते काढायचं आणि तेच लिहायचं, एखाद्या ठिकाणी खरं वाटावं म्हणून शेवटचा आकडा इकडचा तिकडं करायचा. तीन वर्षं रोज तीन तास प्रयोगशाळेत घालवून मुलं जर कशात तरबेज होत असतील तर यात. मी स्वतः विद्यार्थी असताना जुळवली होती. हुपरीकर सरांनीही त्यांच्या काळात जुळवली असणार. बारा जणांपैकी चौघांच्या वाट्याला हा प्रयोग आला होता, आणि बाकीच्या तिघा पोरांनी मीटरपाशी जाऊन नुसतं उभं राहिल्यासारखं केलं होतं. तिघांच्याही वह्यांत चार पॉइंट चौऱ्याहत्तर केव्हाच येऊन बसलं होतं.

"पण सर, मीटर तर हेच दाखवतोय."

"शालन, वाद घालू नकोस. दूध संघाला मीटरनं काय दाखवलं ते नकोय, निकाल हवाय. तुझ्या भल्याचं सांगतोय."

"बरं," ती म्हणाली.

मी दुसऱ्या टेबलाकडे गेलो. एकदा मागं वळून पाहिलं तेव्हा ती मान खाली घालून आकडेमोड करत होती. मला हायसं वाटलं.

अडीचला हुपरीकर सर वह्या तपासायला बसले. कोल्हापूरच्या मोठ्या कॉलेजातले विभागप्रमुख, विद्यापीठात वजन असलेला माणूस. त्यांच्यापुढं मी जरा जास्तच वाकून होतो, आणि त्याला कारण होतं. तीन वर्षं मी त्या कॉलेजात तात्पुरता होतो. दर मे महिन्यात मला कमी करायचे, दर जूनमध्ये परत घ्यायचे. त्या वर्षी प्रथमच कायम जागा मंजूर झाली होती, एप्रिलमध्ये मुलाखती होत्या, आणि निवड समितीवर विषयतज्ज्ञ म्हणून येणार होते हेच हुपरीकर.

तिघा पोरांच्या वह्या त्यांनी मिनिटाभरात हातावेगळ्या केल्या. "छान. चार पॉइंट चौऱ्याहत्तर. छान." मग शालनची वही उघडली आणि चष्मा कपाळावर चढवला.

"हे काय आहे?"

मी डोकावलो. पाचही जुने आकडे तिथंच होते. प्रत्येकावर पट्टी धरून एकच बारीक, सरळ रेघ मारलेली आणि शेजारी नवा आकडा लिहिलेला. जुना आकडा लपवावा तसा कुठंही गिरगटा नाही, खाडाखोड नाही. रेघेखालचा प्रत्येक आकडा स्पष्ट वाचता येत होता.

हे मीच तिला शिकवलं होतं. पहिल्या वर्षाच्या पहिल्या तासाला मी दरवर्षी सांगायचो की प्रयोगवहीत चुकलेला आकडा गिरवून काळा करायचा नाही. एक सरळ रेघ मारायची, म्हणजे आधी काय लिहिलं होतं ते कुणालाही वाचता यावं. प्रामाणिकपणाचा नियम म्हणून सांगायचो. सत्तर पोरांपैकी एकीनं तो मनावर घेतला होता. आणि आयुष्यात पहिल्यांदा लबाडी करायची वेळ आली तेव्हाही तो पाळला होता.

"सरगर, इकडं या," हुपरीकर म्हणाले. "मधलं मिश्रण घेऊन या. मीटर लावा. माझ्यासमोर."

तिनं फ्लास्क आणला. इलेक्ट्रोड धुतला, टिपकागदानं टिपला, मिश्रणात बुडवला. काटा हलला आणि थांबला.

"किती?"

"चार पॉइंट बावन्न."

"आणि वहीत काय लिहिलंय?"

"चार पॉइंट चौऱ्याहत्तर."

"म्हणजे मिश्रण धड करता येत नाही ते नाहीच, वर आकडे चोरायचे." त्यांनी वही बंद केली. आवाज चढवला नाही. ते चढवत नसत. "बाई, तीस वर्षं परीक्षा घेतोय. पोरं चुकतात, मी सोडून देतो. ही चूक नव्हे. खोटं रीडिंग कुणी सांगितलं लिहायला?"

शालननं माझ्याकडं पाहिलं. फार वेळ नाही. वर्गात प्रश्न विचारला आणि उत्तर येत नसलं की मुलं जशी बघतात तसं, सर काही सुचवतायत का म्हणून.

मी मीटरच्या काट्याकडे बघत होतो.

"कुणी न्हाई, सर," ती म्हणाली. "मीच लिहिलं."

गैरप्रकाराचा छापील फॉर्म असतो. हुपरीकरांनी तो मागवला, भरला, सही केली आणि माझ्यापुढं सरकवला. अंतर्गत परीक्षक म्हणून खाली माझी सही लागते. मी सही केली. तिची वही पाकिटात घालून त्यावर लाख लावली. पालकांना उद्या सकाळी बोलावून घ्या, त्यांचीही सही किंवा अंगठा लागेल, असं ते मला म्हणाले आणि चहा मागवला. शालन स्वतःची भांडी धुवायला बेसिनपाशी गेली. परीक्षेतून काढून टाकलेल्या माणसानं भांडी धुवायची काही गरज नसते, पण ती धूत होती, आणि तिला नको म्हणायचं धाडस कुणाला झालं नाही.

साडेचारला हॉल रिकामा झाला. मुल्लाचाचा टेबलं पुसत होते. मी त्या तिघा पोरांच्या फ्लास्कांपाशी गेलो. का गेलो ते सांगता येत नाही. शालनचे ते पाच खोडलेले आकडे डोळ्यांपुढून हलत नव्हते, आणि आता डोकं जरा थंड झाल्यावर त्यातलं काहीतरी खटकत होतं. मी मनातल्या मनात वजाबाकी करत होतो. तीन ब्याण्णवच्या जागी चार चौदा. चार चौतीसच्या जागी चार छप्पन्न. पाचही ठिकाणी फरक बरोबर बावीसचा. निष्काळजी माणसाची चूक कधी इतकी शिस्तीत चालत नाही. ती एकदा वर जाते, एकदा खाली.

मी पहिल्या पोराच्या फ्लास्कमध्ये इलेक्ट्रोड बुडवला. चार पॉइंट बावन्न. दुसऱ्याच्या, चार पॉइंट बावन्न. तिसऱ्याच्या, चार पॉइंट त्रेपन्न.

"चाचा," मी म्हणालो, "सोडियम अ‍ॅसिटेटचं द्रावण कसलं केलंत?"

"तुम्ही चिठ्ठी दिली तसंच की. लिटरला सोळा पॉइंट चार ग्रॅम."

"बाटली दाखवा."

स्टोअरमध्ये नेऊन त्यांनी बाटली काढून दिली. नवी होती, निम्मीच्या वर भरलेली. आमच्याकडे दरवर्षी येई ती पांढरी, कोरडी भुकटी. हे काचेसारखे खडे होते. लेबलवर नावाच्या खाली बारीक अक्षरात लिहिलेलं होतं की यात प्रत्येक रेणूमागं पाण्याचे तीन रेणू आहेत. म्हणजे वजनात पाणीच चाळीस टक्के. याचं द्रावण करायला लिटरला सत्तावीस पॉइंट दोन ग्रॅम घ्यावे लागतात. मी जुन्या सवयीनं सोळा पॉइंट चार लिहून दिले होते. बाटलीकडे ढुंकून न बघता.

सगळ्या फ्लास्कांत मीठ कमी होतं. मीठ कमी, म्हणून आम्ल थोडं जास्त फुटत होतं. दोन नव्हे, दहा हजारांत तीन. त्या हॉलमध्ये चार वह्यांपैकी एकाच वहीत खरं उत्तर आलं होतं, आणि ते मी खोडायला लावलं होतं.

मी तिथल्या स्टुलावर बसलो. चाचांनी माझ्या तोंडाकडं पाहिलं, लेबलाकडं पाहिलं. चाचा सातवी शिकलेले, पण चोवीस वर्षं त्या स्टोअरमध्ये काढलेला माणूस.

"वजन चुकलं व्हय, सर?"

"चुकलं."

"मग त्या पोरीचं?"

"तिचं बरोबर होतं."

चाचांनी बाटली जागेवर ठेवली. मग म्हणाले, "हुपरीकर साहेब गेस्ट हाऊसवर हायेत. आत्ता जावा. मी येतो संगं. पाकीट अजून हितंच आहे, कपाटात. उद्या दुपारशिवाय जात न्हाई ते."

"हो," मी म्हणालो. "जातो."

खरंच जाणार होतो. बाहेर पडून गेस्ट हाऊसच्या फाटकापर्यंत गेलोही. हुपरीकर व्हरांड्यात खुर्ची टाकून आमच्या प्राचार्यांशी गप्पा मारत बसले होते. मला पाहून त्यांनी हात केला. "या कासेगावकर, या. तुमचंच चाललं होतं. प्राचार्य म्हणतायत, मुलगा कामसू आहे." मी पायऱ्या चढलो. तोंड उघडलं. मनात सगळं वाक्य तयार होतं: सर, द्रावण चुकीचं होतं, चूक माझी, आणि खोटं लिहायलाही मीच सांगितलं. यातला पहिला भाग सांगितला तर परीक्षा रद्द. दुसरा सांगितला तर मी रद्द. आणि पहिला सांगून दुसरा लपवायची सोय नव्हती, कारण पुढचा प्रश्न तोच येणार होता.

"उद्याच्या बॅचची तयारी झाली, एवढंच सांगायला आलो," मी म्हणालो.

"बसा की. चहा घ्या."

मी बसलो आणि चहा घेतला.

दुसऱ्या दिवशी सातला मी प्रयोगशाळेत गेलो. चाचा यायच्या आत. सत्तावीस पॉइंट दोन ग्रॅम स्वतः तोलून नवं द्रावण केलं, बाटलीत भरलं, जुनं लेबल काढून तिला लावलं. तपासून पाहिलं, चार पॉइंट चौऱ्याहत्तर, चोख. मग कालच्या द्रावणाची बाटली उचलली आणि बेसिनमध्ये पालथी केली. पोरांचे फ्लास्कही ओतले. तारेला अडकवलेल्या चिठ्ठ्यांतली माझ्या हातची चिठ्ठी काढून फाडली. नळ बराच वेळ चालू ठेवला. हे सगळं मी घाबरून, गोंधळून केलं असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. तसं नव्हतं. इतक्या काटेकोरपणे मी तोपर्यंत त्या प्रयोगशाळेत कुठलंच काम केलं नव्हतं.

चाचा आले, नव्या बाटलीकडं बघितलं, ओल्या बेसिनकडं बघितलं आणि फडकं घेऊन टेबलं पुसायला लागले. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत अकरा वर्षं ते माझ्याशी कामापुरतंच बोलले.

पुढचं सांगायला फार वेळ लागत नाही. एप्रिलमध्ये माझी निवड झाली. हुपरीकरांनी मुलाखतीत एकच प्रश्न विचारला, तोही सोपा. विद्यापीठानं शालनचा निकाल रद्द केला आणि पुढच्या दोन परीक्षांना बंदी घातली. दूध संघानं जागा दुसऱ्याला दिली. वैशाखात तिचं लग्न झालं, आणि दिवाळीनंतर ती नवऱ्याच्या मेंढरांबरोबर घाटाखाली गेली, असं तिच्या वाडीतल्या एका पोराकडून कळलं. परत परीक्षेला बसली नाही. मी मात्र सत्तावीस वर्षं फळ्यावर बफरमधल्या सौम्य आम्लाचं आयनीभवन काढून दाखवत राहिलो. मुलं म्हणायची, कासेगावकर सरांचा हा टॉपिक एकदम पक्का आहे. गेल्या वर्षी मी निवृत्त झालो. शाल, श्रीफळ, सगळं झालं.

पण मला सांगायचं आहे ते त्या सकाळचंच, कारण नळ बंद केल्यावरही वेळ गेलेली नव्हती.

साडेनऊला शिपाई सांगत आला की सरगरचा बाप आलाय. मी व्हरांड्यात गेलो. पागोटं बांधलेला, उंच, वाळका माणूस उभा होता, खांद्यावर घोंगडं. रात्रीच निरोप गेला असावा आणि तो मेंढरं कुणाच्या तरी रानात बसवून पहाटे चालत निघाला असावा. धोतर गुडघ्यापर्यंत धुळीनं माखलं होतं. शालन त्याच्या मागं दोन पावलं अंतर ठेवून उभी होती. डोळे सुजलेले नव्हते. ती रडली नसावी, किंवा रडून बराच वेळ झाला असावा.

"तुमीच कासेगावकर गुरुजी?" त्यानं हात जोडले.

"हो."

"म्या बिरू सरगर. हिचा बा. आपिसात साहेब म्हनलं, कागदावर अंगठा द्या. देतो की. पर म्हनलं, आदी गुरुजींना भेटतो."

"बोला ना."

"पोरगी म्हनती, म्या चोरी केली न्हाई." तो शब्द जुळवत बोलत होता. "आता सायेबानं तर कागुद केलाय. म्या अडानी मानूस, मला त्यातलं काय कळतंय? हिला रातभर इचारलं, कुनी शिकिवलं व्हतं का, कुनाचं नाव सांग. तर गप बसती. नुसतं म्हनती, म्या केली न्हाई. ही पोरगी घरात कदी खोटं बोलली न्हाई, गुरुजी. मग म्या म्हनलं, चल. तुझं गुरुजी कायम तुझं गोडवं सांगत्यात म्हनतीस न्हवं? त्येंनाच इचारू. ते म्हनतील ते खरं. मग सायेब काय का म्हनना, म्या अंगठा देनार न्हाई. कोरटात जायाची पाळी आली तरी देनार न्हाई, धा मेंढरं इकीन." तो एक पाऊल पुढं आला. "सांगा. माज्या पोरीनं चोरी केली का न्हाई?"

व्हरांड्याच्या टोकाला हुपरीकर सर प्राचार्यांबरोबर येताना दिसत होते. अजून वीस-पंचवीस पावलांवर होते. शालन माझ्याकडं बघत नव्हती. ती फरशीकडं बघत होती, आणि मला नक्की माहीत होतं की ती माझं नाव घेणार नाही. हिला आपलं नाव घ्यायचं असतं तर हिनं कालच घेतलं असतं, हे मला कळत होतं. त्याचाच मला आधार वाटला. हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही.

"केली," मी म्हणालो.

बिरू सरगरानं मान डोलावली. दोनदा, तीनदा. मी काहीतरी आणखी सांगेन म्हणून थांबला असावा. मग त्यानं खांद्यावरचं घोंगडं सारखं केलं.

"बरं जालं इचारलं," तो म्हणाला. "न्हाईतर जनमभर वाटत ऱ्हायलं असतं, की पोरीवर अन्याव जाला." मग मागं न बघताच म्हणाला, "गुरुजींच्या पाया पड. शिकिवलंय त्येंनी तुला."

मी "नको, नको" म्हणत मागं सरलो. पाठीला भिंत लागली.

शालन पुढं आली. वाकली, दोन्ही हात माझ्या पायांवर ठेवले, आणि उठायच्या आधी, बापाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "सर, माझं चुकलं कुठं, तेवढं तरी सांगा."

तिला नोकरी मागायची नव्हती, न्याय मागायचा नव्हता. तिला फक्त कळून घ्यायचं होतं. कुठंच नाही, एवढे दोन शब्द पुरले असते. बाप चार हातांवर होता, हुपरीकर अजून लांब होते, कुणाला काही ऐकू गेलं नसतं.

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "सुखी राहा."